नोव्हेंबर की जानेवारी? जपानी शाळांतला इंग्रजी आयबी

जानेवारीच्या मध्यावरचे दोन दिवस जपानमध्ये बारावीच्या मुलांचे असतात. विद्यापीठ प्रवेशाची सामाईक परीक्षा, 'क्योत्सू तेस्तो', त्या शनिवार-रविवारी होते आणि सुमारे पाच लाख मुले तिला बसतात. बर्फ पडेल का, गाड्या वेळेवर धावतील का, याची काळजी सगळा देश करतो. 1990 पासून 2020 पर्यंत हिचेच नाव 'सेंटर टेस्ट' होते. 2021 मध्ये नाव बदलले, प्रश्नांचा बाजही थोडा बदलला, पण पेन्सिलीने खुणा काळ्या करायच्या ती उत्तरपत्रिका तशीच राहिली.

त्याच वयाची थोडी मुले तोवर परीक्षा देऊन मोकळी झालेली असतात. त्यांची परीक्षा नोव्हेंबरात होते आणि तीनेक आठवडे चालते. प्रश्नपत्रिका जपानबाहेर तयार होतात, उत्तरे पानेच्या पाने, मुख्यतः इंग्रजीत, लिहायची असतात आणि निकाल पूर्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लागे, आता डिसेंबरात लागतो. ही सगळी मुले वकिलातींच्या आसपासच्या महागड्या इंटरनॅशनल स्कूलमधली नसतात. बरीचशी साध्या जपानी हायस्कुलात शिकतात. गणवेश घालतात, वर्ग स्वतः झाडतात, मार्चमध्ये इतरांबरोबर शाळेच्या निरोप समारंभात प्रमाणपत्र घेतात. फक्त त्यांच्या हातात आणखी एक कागद येतो, इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, म्हणजे आयबीचा डिप्लोमा.

या प्रयोगाविषयी दोन ठरीव मते ऐकू येतात. जपानी मुलांचे इंग्रजी बेताचे, त्यांना हे झेपायचे नाही, हे एक. खरे शिक्षण हेच, बाकी सगळी घोकंपट्टी, हे दुसरे. दोन्ही मला उथळ वाटतात. इंग्रजीची अडचण खरी आहे, पण ती वर्षा-दोन वर्षांत बऱ्यापैकी सुटते. सुटत नाही ती दुसरी गोष्ट: वर्ग बदलला तरी विद्यापीठाचे दार जुनेच राहते, आणि या दोहोंतले अंतर मुलाला स्वतःच्या झोपेतून आणि सुट्ट्यांतून भरून काढावे लागते.

आयबीची स्थापना 1968 मध्ये जिनिव्हात झाली. राजनैतिक अधिकाऱ्यांची आणि आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या लोकांची मुले देशोदेशी फिरत, त्यांना कुठल्याही विद्यापीठात चालेल अशी एक शालान्त परीक्षा हवी होती. डिप्लोमा कार्यक्रम शेवटच्या दोन वर्षांचा असतो. विषय सहा: मातृभाषा किंवा जिच्यात साहित्य वाचता येईल अशी भाषा, दुसरी भाषा, एखादे समाजशास्त्र, एखादे विज्ञान, गणित, आणि कला किंवा त्याऐवजी आणखी एक विषय. साधारणपणे तीन विषय वरच्या पातळीवर, प्रत्येकी 240 तासांचे, आणि तीन साध्या पातळीवर, 150 तासांचे. प्रत्येक विषयाला 7 पैकी गुण, म्हणजे 42. याशिवाय स्वतः निवडलेल्या प्रश्नावर 4,000 शब्दांचा प्रबंध आणि 'थिअरी ऑफ नॉलेज' हा ज्ञान म्हणजे काय, ते कशावरून मानायचे असे प्रश्न विचारणारा विषय, या दोहोंचे मिळून 3. एकूण 45. उत्तीर्ण व्हायला किमान 24 गुण लागतात, इतर अटी वेगळ्या. कला, व्यायाम आणि सेवा यांचा मिळून 'कॅस' नावाचा भाग दीड वर्ष चालवावा लागतो. त्याला गुण नाहीत, पण तो केल्याशिवाय डिप्लोमा नाही.

जपानमध्ये हा कार्यक्रम आधी आला तो टोक्यो-कोबेच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये. सेंट मेरीज, सेइसेन, कोबेची कॅनेडियन अकॅडमी या त्यातल्या जुन्या शाळा. त्यांची पंचाईत वेगळीच होती. 1947 च्या शालेय शिक्षण कायद्याच्या पहिल्या कलमात ज्यांचा उल्लेख आहे त्याच शाळा जपानच्या लेखी पूर्ण शाळा. त्यांना आजही 'इचिजो-को', म्हणजे कलम एकच्या शाळा, म्हणतात. बहुतेक इंटरनॅशनल स्कूल 'विविध प्रकारच्या शाळा' या भल्यामोठ्या पोत्यात पडत, शिवणकामाच्या आणि हिशेबाच्या वर्गांच्या शेजारी. तिथून बारावी झालेल्या मुलाला राष्ट्रीय विद्यापीठाच्या परीक्षेला बसण्याचाही हक्क नसे. 1979 मध्ये शिक्षण मंत्रालयाने आयबी डिप्लोमाधारकांना विद्यापीठ प्रवेशासाठी पात्र धरले, तेव्हा या मुलांसाठी एक दार किलकिले झाले.

याच सुमारास दुसरा एक प्रश्न मोठा होत होता. जपानी कंपन्या जगभर पसरल्या, त्यांच्याबरोबर कुटुंबे गेली आणि चार-सहा वर्षांनी ड्युसेलडॉर्फ किंवा न्यू जर्सीहून परतणारी मुले जपानी वर्गात बसेनाशी झाली. त्यांना 'किकोकु शिजो' म्हणतात. त्यांची कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्रलिपी, कच्ची, शिक्षकाला उलट प्रश्न विचारण्याची सवय पक्की. त्यांच्यासाठी 1978 मध्ये टोक्योजवळ आयसीयू हायस्कूल निघाले आणि 1989 मध्ये टोक्यो महानगराने 'कोकुसाइ' हे सरकारी हायस्कूल काढले. जपानी शाळेत इंग्रजीतून आयबी कशासाठी, याचे पहिले उत्तर या मुलांत आहे. परदेशात कमावलेले इंग्रजी वाया जाऊ नये आणि जपानी शाळेशी नातेही तुटू नये, अशी ती सोय होती.

दुसरे उत्तर फुजीच्या पायथ्याजवळच्या नुमाझू शहरात घडले. काटो गाकुएन या खासगी संस्थेने 1992 मध्ये प्राथमिक शाळेत इंग्रजी इमर्शन सुरू केले. मुले स्थानिक, घरी जपानीच बोलणारी, पण गणित-विज्ञान इंग्रजीतून. हीच मुले वर सरकत गेली आणि 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तिथल्या ग्योशू हायस्कुलात डिप्लोमा कार्यक्रम आला. कलम एकच्या शाळेत परकी परीक्षा चालू शकते, हे दाखवणाऱ्या आद्य शाळांत तिचे नाव घ्यावे लागते. पुढे उजीची रित्सुमेइकान, हिरोशिमाची एआयसीजे, माचिदाची तामागावा, 2005 मध्ये विशेष सवलत-क्षेत्र म्हणून ओता शहरात निघालेली गुन्मा कोकुसाइ अकॅडमी अशा शाळा या वाटेवर आल्या. तरीही 2010 च्या आसपास सगळ्या देशात अशा जपानी शाळा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

मग 2013 आले. त्याआधी परदेशी शिकायला जाणाऱ्या जपानी तरुणांचा आकडा धडाधड उतरला होता. 2004 मध्ये तो सुमारे 83,000 होता, 2011 मध्ये 57,500 च्या आसपास. उद्योगपतींच्या केइदानरेन या संघालाही बाहेर टिकतील अशी माणसे हवी होती. शिंझो आबे यांच्या सरकारने जून 2013 मध्ये जे आर्थिक पुनरुज्जीवनाचे धोरण जाहीर केले, त्यात 2018 पर्यंत देशात आयबीच्या 200 शाळा, असे एक कलम होते. शिक्षणातला निर्णय अर्थव्यवस्थेच्या दस्तऐवजात यावा, यातच त्याचा हेतू उघड होतो. मुदत अर्थात पाळली गेली नाही, पुढे ढकलावी लागली. शिवाय त्या 200 मध्ये मान्यतेच्या रांगेतल्या शाळा आणि प्राथमिक-माध्यमिक कार्यक्रमही धरलेले होते. आकडा फुगवण्याची ही सरकारी कला आपल्याला परकी नाही.

पण त्या वेळची एक तडजोड मात्र महत्त्वाची ठरली. मंत्रालय आणि आयबी यांच्यात ठरले की काही विषय जपानीतून शिकवता येतील, परीक्षाही जपानीतून देता येईल. इतिहास, अर्थशास्त्र, जीवशास्त्र, रसायन असे विषय आधी आले. अट एवढीच, की सहापैकी किमान दोन विषय इंग्रजीतून हवेत. त्यामुळे आज जपानी शाळांत दोन वाटा आहेत. साप्पोरोच्या महापालिकेची काइसेइ ही शाळा दुहेरी भाषेच्या वाटेने गेली. टोक्योची कोकुसाइ मात्र इंग्रजीच्या वाटेने. 2015 मध्ये डिप्लोमाची मान्यता मिळवणारी ती पहिली सरकारी शाळा, आणि तिच्या आयबी तुकडीत वर्षाला जागा 25.

या इंग्रजी वाटेवर चालणाऱ्या मुलाला नेमके काय अवघड जाते? महाराष्ट्रातल्या वाचकाला याची कल्पना पटकन येईल, कारण सेमी-इंग्रजीत विज्ञान-गणित शिकलेली पिढी आता घराघरात आहे. संज्ञा पाठ होतात. पहिल्या सहामाहीत जीवशास्त्राच्या पानावर पेन्सिलीने बारीक जपानी अक्षरे लिहिलेली असतात, दुसऱ्या वर्षी ती कमी होतात. अडते ते प्रश्नाच्या शेवटच्या क्रियापदापाशी. 'वर्णन करा' आणि 'मूल्यमापन करा' यांना आयबीत वेगवेगळे गुण आहेत. 'हे कितपत खरे आहे' असे विचारले, तर बाजूने आणि विरुद्ध दोन्ही मांडून शेवटी स्वतःचे मत द्यावे लागते, आणि मत नसले तर गुण जातात. ज्याने नऊ वर्षे एकच बरोबर उत्तर शोधण्याचा सराव केला आहे, त्याला हे जपानीतूनही जड जाईल. इंग्रजीवर खापर फोडणे सोपे असते, एवढेच.

जपानी मुले वर्गात गप्प बसतात, असेही एक आवडते विधान आहे. सरकारी हायस्कुलातला वर्ग 40 पर्यंतचा असतो, डिप्लोमाचा बहुधा वीसच्या आतला, कधी सात-आठ मुलांचा. सात जणांच्या वर्गात गप्प बसणेच अवघड. संस्कृतीच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच गोष्टी बाकांच्या संख्येने सुटतात, असे माझे मत आहे. पण ही सोय महाग आहे, आणि म्हणूनच आयबी देशभर पसरेल असे म्हणणाऱ्यांनी आधी शिक्षकांचे पगारपत्रक पाहावे.

खरी दरी असते ती वर्गातल्या मुला-मुलांत. परदेशात वाढून परतलेली काही, इमर्शनमधून आलेली काही, आणि कधीही देशाबाहेर न राहिलेली काही. या शेवटच्यांना पोरांच्या बोलीत 'जुनजापा' म्हणतात, म्हणजे अस्सल जपानी. परतलेले मूल चर्चेत बाजी मारते, पण लेखी निबंधात नेहमीच पुढे असते असे नाही. जुनजापा मूल शब्दकोश घेऊन बसते, रसायनाची प्रयोगवही नीटनेटकी लिहिते आणि शेवटी त्याच गुणांवर पोचते. जिथे त्याला सावरून घेणारे शिक्षक नाहीत, तिथे मात्र ते पहिल्या सहामाहीतच जपानी तुकडीत परत जायची भाषा करू लागते.

या कार्यक्रमाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. इंग्रजीतून आयबी करणारे जपानी मूल जपानी भाषा सोडत नाही. सहांपैकी पहिला विषय म्हणून ते बहुधा जपानी साहित्यच घेते, तेही वरच्या पातळीवर. सोसेकी, कावाबाता यांच्याबरोबर जपानीत अनुवादित झालेल्या परक्या कृती वाचते, न पाहिलेल्या उताऱ्यावर रसग्रहण लिहिते. प्रबंध जपानीत लिहायचा असेल तर त्याची मर्यादा 8,000 अक्षरांची. दुसरीकडे सामाईक परीक्षेतल्या जपानीच्या पेपरात उतारे असतात, अभिजात जपानी आणि अभिजात चिनी असते, आणि चार-पाच पर्यायांतून एक निवडायचा असतो. जपानीत लांबलचक, युक्तिवाद करणारे लेखन करण्याचा सराव हवा असेल, तर तो या परक्या कार्यक्रमातच जास्त मिळतो. इंग्रजी माध्यम म्हणजे मातृभाषेचा बळी, या आपल्याकडच्या भीतीला जपानी उदाहरणाने एक उत्तर दिले आहे: मातृभाषेला सर्वांत जड विषय करा.

आता इतिहासाच्या वर्गात थोडे थांबू. 2017 पासून लागू असलेल्या आराखड्यात पहिल्या पेपरसाठी जे पाच विषय दिले होते, त्यांतला एक 'जागतिक युद्धाकडे वाटचाल'. त्यातले पहिलेच प्रकरण म्हणजे 1931 ते 1941 मधला जपानचा पूर्व आशियातला विस्तारवाद. तासाभराच्या पेपरात चार साधने देतात आणि त्यांवर चार प्रश्न. समजा, मांचुरियाचा प्रश्न आला. लीग ऑफ नेशन्सने पाठवलेल्या लिटन आयोगाच्या 1932 च्या अहवालातला परिच्छेद, एखाद्या जपानी मुत्सद्द्याचे भाषण, नंतरच्या इतिहासकाराचा उतारा आणि एक व्यंगचित्र. वर्गात बरेचदा दाखवले जाते ते डेव्हिड लो यांचे जानेवारी 1932 चे चित्र, ज्यात लीगला पायपुसणे करून तिच्या अंगावरून एक जपानी लष्करी अधिकारी इमारतीत शिरतो आहे. प्रश्न असा असतो: उगम, हेतू आणि आशय पाहता या साधनाचे मूल्य काय आणि मर्यादा काय?

सोळा-सतरा वर्षांच्या जपानी मुलाने हे उत्तर लिहायचे आहे. त्याला काय लिहायला शिकवतात? की हे चित्र लंडनच्या वर्तमानपत्रातले आहे, म्हणून त्यातून ब्रिटनमधले एक मत कळते, टोक्योतले नाही. ते मांचुरियावरच्या जपानी चढाईनंतर चार महिन्यांनी काढलेले आहे, लिटन अहवाल तेव्हा यायचा होता. अधिकाऱ्याचे चित्रण हेतुपुरस्सर उद्धट आहे. आणि एवढे सगळे खरे असूनही लीगच्या दुबळेपणाविषयी ते काही सांगून जाते. म्हणजे लाज वाटून घेणेही नाही, अंगावर आले म्हणून झटकणेही नाही. कुणी काढले, कधी, कशासाठी, एवढेच. जपानच्या मान्यताप्राप्त क्रमिक पुस्तकांत मांचुरियाची घटना नसते असे नाही, असते. पण त्या पुस्तकांच्या प्रत्येक ओळीवर मंत्रालयाची तपासणी असते, आणि त्याच तपासणीविरुद्ध साबुरो इएनागा या इतिहासकाराने 1965 पासून 1997 पर्यंत एकामागून एक तीन दावे लढवले. त्या लढाईत पुस्तकात काय छापावे हा मुद्दा होता. आयबीने क्रमिक पुस्तकच ठरवून दिलेले नाही, त्यामुळे या वर्गात तो वादच निराळा होऊन जातो. पुस्तक हेही एक साधन, त्याचाही उगम आणि हेतू विचारायचा. जपानी शाळेत आयबीने काय आणले, असे मला कुणी विचारले तर मी आधी हा तास दाखवीन. आणि हा तास जपानीतूनही तितकाच चांगला होतो, हेही लगेच सांगीन.

गणितात मौज आहे. आयबीच्या गणितात ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर लागतोच, काही पेपर त्याच्याशिवाय सोडवताच येत नाहीत. असा जगातला पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओने, म्हणजे जपानी कंपनीने, 1985 मध्ये बाजारात आणला. पण प्रवेश परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून जपानी हायस्कुलातल्या बहुतेक मुलांनी तो हातातही धरलेला नसतो. डिप्लोमाच्या वर्गात तो आल्यावर आकडेमोडीत तरबेज मुलांचा आधी हिरमोड होतो. मग कळते की यंत्र आलेख काढून देईल, पण हाच आलेख का, हे वाक्यात लिहून द्यायचे आहे. हे झाले गुणांपुरते. विद्यापीठाच्या जपानी परीक्षेचाही विचार करणाऱ्या मुलाला मात्र दोन गणिते शिकावी लागतात, एक यंत्रासह, एक यंत्राविना.

आणि इथे खरे ओझे सुरू होते. कलम एकच्या शाळेतून उत्तीर्ण व्हायला 74 क्रेडिट हवेत. एक क्रेडिट म्हणजे 50 मिनिटांचे 35 तास. त्यात आरोग्य-व्यायाम, गृहविज्ञान, माहिती-तंत्र असे सक्तीचे विषय आले. आयबीचे सहा विषय, त्यांचे तास, अंतर्गत प्रकल्प हे सगळे त्याच आठवड्यात बसवायचे. 2015 मध्ये मंत्रालयाने सवलत दिली, आयबीचे विषय 36 क्रेडिटपर्यंत जपानी विषयांच्या जागी धरता येतील. त्याने श्वास घ्यायला जागा मिळाली, पण उरलेले 38 कुठे जाणार? बहुतेक शाळा दहावीच्या वर्षातच सक्तीचे विषय कोंबतात. डिप्लोमा अकरावीच्या एप्रिलमध्ये सुरू होतो आणि बारावीच्या नोव्हेंबरात परीक्षा, म्हणजे दोन वर्षांचा म्हटलेला अभ्यासक्रम साधारण 20 महिन्यांत संपवावा लागतो. त्यात 'बुकात्सु', रोज संध्याकाळी आणि शनिवार-रविवारीही चालणारे शाळेचे क्लब. बेसबॉल किंवा ब्रास बँड कॅसमध्ये धरता येतो, पण बँडचा सराव कॅसपुरता आटपता येत नाही. क्लब अर्ध्यावर सोडणे जपानी शाळेत हलके घेतले जात नाही. त्यामुळे बरीच मुले दोन्ही रेटतात.

शिक्षकांची कथाही अशीच. परदेशी शिक्षकाला जपानी अध्यापन-परवाना नसतो, त्याला विशेष परवाना देण्याची तरतूद आहे. जपानी शिक्षकांसाठी तामागावासारख्या काही विद्यापीठांत आयबीचे प्रशिक्षण मिळते. पण सरकारी शाळांतल्या शिक्षकांची काही वर्षांनी बदली होते, प्रांतभर कुठेही. ज्याला प्रशिक्षणाला पाठवले, ज्याने दोन तुकड्या काढून हात बसवला, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या साध्या हायस्कुलात रुजू होतो. जिल्हा परिषदेच्या शाळा माहीत असलेल्याला हे समजावून सांगायला नको. यातून एक चांगलेही निघते, आयबीची पद्धत नकळत इतर शाळांत झिरपते. पण मागे राहिलेल्या तुकडीला त्याचे काय!

आता दाराकडे. डिप्लोमाचे गुण निकषांवर मिळतात. वर्गात सगळेच चांगले असतील तर सगळ्यांना 6 मिळू शकतो. जपानी प्रवेशाचे चलन मात्र 'हेनसाची' आहे. सरासरी 50 धरून प्रत्येक मूल इतरांच्या किती वर, किती खाली, हे सांगणारा आकडा. शिकवणी वर्ग तो काढतात, विद्यापीठांनाही त्यानेच क्रम लागतो आणि पालकांच्या बोलण्यात तो रक्तदाबासारखा येतो. 45 पैकी 36 म्हणजे हेनसाची किती, याला उत्तर नाही. अशा वेळी विद्यापीठांनी वेगळी खिडकी उघडायला हवी. ओकायामा या राष्ट्रीय विद्यापीठाने 2012 मध्येच आयबीधारकांसाठी स्वतंत्र प्रवेश सुरू केला, त्सुकुबाही त्या वाटेने गेले, पुढे आणखी पुष्कळ आले. 2009 च्या 'ग्लोबल 30' योजनेत निवडलेल्या 13 विद्यापीठांत पूर्ण इंग्रजीतून पदवी घेता येऊ लागली, टोक्यो विद्यापीठाने 2012 मध्ये 'पीक' नावाचा तसा अभ्यासक्रम काढला. कागदावर यादी लांब दिसते. पण माहितीपुस्तिकेतला जागांचा रकाना पाहावा. तिथे पुष्कळदा आकडाच नसतो, 'जाक्कानमेइ' एवढाच शब्द असतो, म्हणजे मोजक्या. दोन घेतील, शून्यही घेतील.

वेळापत्रकही आडवे येते. जपानी विद्यापीठ एप्रिलमध्ये सुरू होते. अर्ज शरद ऋतूत, म्हणजे परीक्षेआधी किंवा परीक्षेच्या धामधुमीत. तेव्हा हातात असतात ते शिक्षकांनी वर्तवलेले गुण. खरे गुण डिसेंबरात. ते कमी आले तर सशर्त मिळालेला प्रवेश जाऊ शकतो, आणि सामाईक परीक्षा महिन्यावर आलेली असते, तीही अभिजात चिनीसह. म्हणून धोका नको असलेले पालक मुलाला डिप्लोमाच्या तुकडीत घालतच नाहीत आणि घातलेले पालक परदेशाकडे नजर ठेवतात. देशाची शाळा बदलायला आणलेला कार्यक्रम अशा रीतीने देशाबाहेर जाण्याचा परवाना होऊन बसतो. धोरण आखणाऱ्यांना नेमके काय हवे होते, हे त्यांनाही नक्की ठरवता आलेले नाही, असे मला वाटते.

मंत्रालयाने दार बदलायचा प्रयत्न केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या सामाईक परीक्षेत जपानी आणि गणितात लेखी उत्तरे आणि इंग्रजीसाठी बाहेरच्या संस्थांच्या परीक्षा आणायचे ठरले होते. 2019 च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरात दोन्ही बेत बारगळले. पाच लाख उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत कोण तपासणार, सगळ्यांना एकच न्याय कसा मिळणार, खेड्यातल्या मुलाने परीक्षेसाठी शहरात किती वेळा यायचे, असे प्रश्न होते आणि ते रास्त होते. आयबीला हे जमते कारण तिची मुले थोडी आहेत आणि फी भरतात. या तुलनेत आयबीवाले जिंकतात, पण ती बरोबरीची कुस्ती नव्हे.

पैशाच्या बाबतीत मात्र जपानने एक गोष्ट केली आहे, जी आपल्याकडे झाली नाही. इंटरनॅशनल स्कूलची वर्षाची फी सहज 20 ते 30 लाख येन असते. सरकारी हायस्कुलाची 1,18,800 येन, आणि तीही अनेकांना अनुदानातून मिळते. आयबीची परीक्षा-फी वरून द्यावी लागते, तरी फरक केवढा! हिरोशिमा प्रांताने तर 2019 मध्ये सेतो समुद्रातल्या ओसाकीकामिजिमा बेटावर पूर्ण निवासी सरकारी शाळा काढली. मुख्य भूमीला पूल नाही, फेरीबोटीने जायचे, आणि वरच्या वर्गांत परदेशी मुलेही घेतात. ओसाकात सुइतो कोकुसाइ ही शाळा सरकारी मालकीची, चालवायला खासगी संस्थेकडे दिलेली. मुंबई-पुण्यात आयबी म्हटले की वर्षाला काही लाख रुपये आणि एसी बस हेच डोळ्यांपुढे येते. मुळशीतल्या खुबवलीजवळचे महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज, 1997 पासूनचे, शिष्यवृत्त्यांमुळे त्याला अपवाद. त्याचेच भावंड जपानात कारुइझावाला आहे. लिन कोबायाशी यांनी 2014 मध्ये सुरू केलेली आयझॅक शाळा 2017 मध्ये त्या परिवारात गेली. कोबायाशी स्वतः कॅनडातल्या अशाच कॉलेजात शिकल्या होत्या. शाळा कलम एकची, मुले जगभरची, त्यांत भारतीयही.

दाराची अडचण मात्र दोन्हीकडे सारखी आहे. पुण्यातले आयबीचे मूल इंजिनिअरिंगला जायचे म्हणते तेव्हा त्याला जेईई किंवा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली एमएचटी-सीईटी द्यावी लागते आणि संध्याकाळी क्लास लावावा लागतो. टोक्योतले मूल त्याच वेळी 'जुकु'त, म्हणजे तिथल्या क्लासात, बसलेले असते.

टोक्योच्या निशिकासाइ भागातल्या मराठी घरांना हा सगळा विषय ऐकीव नाही. सुमारे 20 वर्षांपासून तिथे आणि शेजारी सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत, त्यामुळे परत जाणाऱ्यांची सोय झाली. राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. मूल सहावीपर्यंत शेजारच्या जपानी शाळेत रमते, जपानी अस्खलित बोलते, घरचे इंग्रजी-मराठी कामचलाऊ ठेवते. नववीत निवड करायची वेळ येते तेव्हा सरकारी आयबी तुकडी त्याच्यासारख्यासाठीच काढली असावी असे वाटते. जपानी शाळासंस्थेत मराठी माणसाला जागाच नाही, असेही आता म्हणता येत नाही. एदोगावाच्या वॉर्ड सभेवर 2019 मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिक 2023 मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा फर्स्ट या नामांकित सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. ती आयबीची शाळा नव्हे. पण जुन्या धाटणीच्या प्रांतिक शाळेने जाहिरात देऊन बाहेरचा माणूस घ्यावा, हे दहा वर्षांपूर्वी घडले नसते.

अशा घराने शाळा बघायला जावे तेव्हा भिंतीवरची 42 आणि 43 गुणवाल्यांची छायाचित्रे पाहून घ्यावीत आणि मग दोन प्रश्न विचारावेत. वरच्या पातळीचे भौतिकशास्त्र कोण शिकवते आणि त्यांची बदली कधी आहे? आणि गेल्या वर्षी ज्यांना 28 गुण मिळाले ती मुले आज कुठे आहेत?